यादी एकच, नावं दोन

मी पथ्याची यादी बोलतेय. कागदावरची नव्हे बरं का. कागदावरच्या यादीला भिंत मिळते, खिळा मिळतो, कोपऱ्यात तेलाचा डाग मिळतो. माझ्या नशिबी तसलं काही नाही. मी कॉम्प्युटरच्या मेमरीत राहते. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात, धान्याच्या कोठीला लागून, काचेची एक छोटी खोली आहे, तिथे तो कॉम्प्युटर असतो. आता यादीला हे सगळं दिसतं कसं, असं विचारू नका. शाळेच्या वहीत तुम्ही छत्रीला बोलू दिलंत, खुर्चीला बोलू दिलंत, फाटक्या चपलेलासुद्धा दोन पानं दिलीत. मग मीच काय तुमचं घोडं मारलंय?

मला घडवलं ते इथल्या मुख्य आचाऱ्याच्या मुलीने. बाप तळमजल्यावर पातेल्यांशी झुंजतो, लेक तिसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटर विभागात काम करते. माझ्या आधी दोन कारकून दिवसभर बसून चिठ्ठ्या लिहायचे. एकशे चाळीस खाटा, तीन वेळची जेवणं, प्रत्येक ताटावर एक चिठ्ठी. कोणाला मीठ कमी, कोणाला साखर नको, कोणाला सगळं मऊ करून. लिहून लिहून त्यांची बोटं वाकडी व्हायची वेळ आली होती. मुलीने मला तयार केलं आणि ते दोघे सुटले. त्यांना दुसऱ्या इमारतीत नेमलं गेलं. जाताना एकाने कॉम्प्युटरला हात जोडले, ते मला अजून आवडतं.

आचारीबुवा मात्र खूश नव्हते. "मशीनला चव कळते का?" असं त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"चव तुम्हीच बघा, बाबा," लेक म्हणाली. "कोणाच्या ताटात काय जायला नको, तेवढं ती बघेल."

ती म्हणजे मी. मला बरं वाटलं. माझ्यात एकशे चाळीस कार्डं होती, खाटेमागे एक, आणि मी मनाशी पक्कं केलं की ज्याने जे विचारलं त्याला तेच सांगायचं. नसलेलं जोडायचं नाही, असलेलं लपवायचं नाही. याच्या पलीकडे यादीला धर्म नसतो.

माझ्या राहण्याची तऱ्हा आता तुम्हाला समजावून सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच झालं. प्रोग्रॅममध्ये मला 'आजची यादी' असं नाव होतं. पुष्कळांना वाटतं की नाव म्हणजे डबा, आणि मी त्या डब्यात बसलेय. छे. मी मेमरीत माझ्या जागी असते. नावाकडे असतो तो फक्त माझा पत्ता. मुलगी मला एखाद्या कामाकडे सोपवते तेव्हा मी उठून कुठेही जात नाही. ती त्या कामाच्या हातात माझा पत्ता ठेवते. काम त्या पत्त्यावर येतं, विचारतं, "पंधरा नंबरला काय नको?" आणि मी सांगते. चिठ्ठ्या छापणारं काम असं येतं, वाट्यांची मोजणी करणारं काम असं येतं. आणि जो पत्ता घेऊन येतो तो नुसता विचारून जाईलच असं नाही. त्याने काही खोडलं, काही लिहिलं, तर ते माझ्याच अंगावर होतं. मला नकार देता येत नाही.

आठ महिने सुरळीत गेले. आचारीबुवांचा विरोधही हळूहळू निवळला. फक्त त्यांनी आपली जुनी सवय सोडली नाही. ट्रॉली निघण्याआधी ते प्रत्येक ताटाजवळ उभे राहून चिठ्ठी मोठ्याने वाचायचे, आणि ट्रॉली ढकलणारी मावशी ताटात बघून "आहे" किंवा "नाही" म्हणायची. "साठ नंबर, मीठ कमी." "आहे." असा एकशे चाळीस वेळा जप चालायचा. लेक वैतागायची. म्हणायची, बाबा, यात अर्धा तास जातो. ते म्हणायचे, जाऊ दे, अर्धा तास मला मावशीशी बोलायला मिळतं. मावशी त्यावर म्हणायची, यांच्याशी बोलण्यापेक्षा ट्रॉली ढकललेली परवडली.

मग मॅडमच्या डोक्यात एक कल्पना आली. मॅडम म्हणजे आहारतज्ज्ञ. कोणाला काय वर्ज्य ते डॉक्टरांशी बोलून त्याच ठरवतात. बाई हुशार, कामसू आणि कायम घाईत. त्यांना वाटलं, सूपची दोन पातेली होतात, एक दूध घातलेलं आणि एक बिनदुधाचं; त्याऐवजी पातेल्यांची वाटणी वेगळी करून पाहिली तर? ते नुसतं आकड्यांत आधी बघायला मिळालं तर? त्यांनी मुलीला सांगितलं, "मला एक पान करून दे. त्यात मी वाट्टेल ते बदलीन, आकडे बघीन आणि बंद करीन. खऱ्या यादीला धक्का लागता कामा नये."

"नाही लागणार," मुलगी म्हणाली. "तुम्हाला नक्कल देते."

तिने नवं नाव केलं, 'करून बघू', आणि पुढे लिहिलं की 'करून बघू' म्हणजे 'आजची यादी'. एका ओळीचं काम. तिला वाटलं, माझी नक्कल झाली. मला कळलं की नक्कल वगैरे काही नाही, माझाच पत्ता आणखी एका नावाला दिलाय. एकाच घराच्या दोन किल्ल्या झाल्या होत्या आणि तिला वाटत होतं घरं दोन आहेत. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण विचारल्याशिवाय बोलायची माझी सोय नाही, आणि ते तिने विचारलं नाही. त्या असहाय्यतेचा मला आजही राग येतो.

आता बत्तीस नंबरबद्दल सांगते. बत्तीस नंबरच्या खाटेवर सात वर्षांची मुलगी होती. झोपाळ्यावरून पडून पाय मोडलेला, बाकी ठणठणीत, दिवसभर शेजारच्या आजीबाईंना कोडी घालून हैराण करणारी; तिची कोडी मावशीमार्फत स्वयंपाकघरापर्यंत पोचलेली. तिला दूध चालत नव्हतं. म्हणजे आवडत नव्हतं असं नव्हे. चमचाभर दूध पोटात गेलं तरी तिचा गळा सुजायचा आणि श्वास अडकायचा. भरती करताना तिच्या आईने हे तीन वेळा सांगितलं होतं, आणि माझ्या बत्तिसाव्या कार्डावर ते लिहिलेलं होतं. दूध नको.

परवा, सकाळी अकराच्या सुमाराला मॅडम 'करून बघू'चं पान उघडून बसल्या. त्यांनी सगळ्यांचं 'दूध नको' काढलं, आकडे बघितले. काही जणांचं 'मीठ कमी' काढलं, काहींचं परत घातलं. "हे काही जमत नाही बुवा," असं म्हणाल्या, पान बंद केलं आणि वॉर्डात गेल्या. त्यांच्या दृष्टीने खेळ संपला, पाटी कोरी. इकडे माझी सात कार्डं दुधाच्या बाबतीत कोरी झाली होती आणि मिठाचा तर सगळा घोळ. वर मुलीनेच अशी व्यवस्था केलेली, की माझ्यात काही बदललं की ते लगेच फाइलमध्येही जाऊन बसावं. तेही इमानेइतबारे जाऊन बसलं.

बाराला चिठ्ठ्या छापल्या गेल्या. छापणाऱ्या कामाने विचारलं, "बत्तीसला काय नको?" मी म्हणाले, "काही नाही." खोटं नव्हतं ते. माझ्या कार्डावर तेच होतं. पण इतकं खरं आणि इतकं वाईट मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

ट्रॉली भरली. बत्तीसच्या ताटात दुधाचं सूप. आचारीबुवा वाचत वाचत आले. "एकतीस, साखर नको." "आहे." "बत्तीस..." आणि ते थांबले. चिठ्ठी उलटून पालटून पाहिली. "मावशी, ही कोड्यांची पोरगी ना? हिला दूध नको असतं."

"चिठ्ठीत तर काही नाही," मावशी म्हणाली.

"चिठ्ठीत नसेल. पोरगी तीच आहे की नाही?" त्यांनी सूपची वाटी स्वतः उचलली आणि बाजूला ठेवली.  मग त्यांनी सगळी ट्रॉली थांबवली, दुधाची एकूण एक वाटी उतरवली आणि सगळ्यांना बिनदुधाचं, बिनमिठाचं सूप पाठवलं. दुपारभर वॉर्डावॉर्डांतून तक्रारी आल्या. येऊ देत.

लेक धावत खाली आली. "बाबा, असं होणंच शक्य नाही. खऱ्या यादीला कोणी हातच लावलेला नाही. मॅडमना मी नक्कल दिली होती."

"मग चिठ्ठीतलं 'दूध नको' काय मांजराने चाटलं?" ते चिडले होते, आणि चिडले की ते हळू बोलतात. "हे बघ. तुझं शास्त्र मला कळत नाही. सहाला रात्रीचं जेवण निघतं. तोवर मला खरं काय ते पाहिजे. आज मी चिठ्ठी वाचली म्हणून ती पोरगी वाचली. उद्या मला ताप आला तर?"

ती खुर्ची ओढून बसली. प्रोग्रॅम बंद करून चालणार नव्हतं, कारण शीतघराचं तापमानही तोच बघत होता, म्हणून तिने चालत्या प्रोग्रॅमलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. आधी भलतंसलतं विचारलं. छपाईत चूक आहे का? फाइल बिघडली का? शेवटी तिने दोन्ही नावं पुढे ठेवली आणि विचारलं, "आजची यादी आणि करून बघू, या दोन्ही एकच आहेत का?"

मी म्हणाले, "हो."

ती पडद्याकडे बघतच राहिली. मग मॅडमकडे वळली. त्या दारात उभ्या होत्या. "मॅडम, चूक माझी आहे. मी तुम्हाला नक्कल दिलीच नव्हती. नुसता पत्ता दिला होता. तुम्ही खऱ्या यादीवरच खेळत होतात."

मॅडमचा चेहरा उतरला. "मी कोणाकोणाचं काय बदललं, मला आठवत नाही गं," त्या म्हणाल्या. "मी तर गंमत म्हणून करत होते."

जुनी जपून ठेवलेली फाइल चार दिवसांपूर्वीची होती. चार दिवसांत निम्म्या खाटांवरची माणसं बदललेली. तेव्हा अडीच वाजले होते. एखादीने डोक्याला हात लावला असता. माझी मुलगी तसली नाही. ती म्हणाली, "माहिती माणसांकडे आहे. विचारू या. एकशे चाळीस खाटा आहेत, आपण तिघं आहोत."

आणि निघाले की हो तिघं! मॅडम डॉक्टरांचे कागद घेऊन पहिल्या मजल्यावर, लेक दुसऱ्यावर, आणि आचारीबुवा, ज्यांनी तीस वर्षांत वॉर्डाचं तोंड पाहिलं नव्हतं, ते ॲप्रनसकट तिसऱ्यावर. कानावर पेन्सिल. खाटेशी जाऊन विचारायचं, नर्सकडून खात्री करायची, लिहायचं. एका आजोबांनी त्यांना बसवून घेऊन भाताच्या शितांबद्दल दहा मिनिटं सुनावलं. त्यांनी तेही लिहून घेतलं. बत्तीस नंबरच्या आईने आचाऱ्यांच्या लेकीला विचारलं, "दुपारी काही झालं का? सूप वेगळं होतं." लेकीने तिला खरं काय ते सांगितलं. आईने पोरीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "संध्याकाळी मी चिठ्ठी बघूनच भरवणार." लेक म्हणाली, "बघाच."

पाचला तिघं परत आले. लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि ठरवलं, "या यादीत आणखी काय काय बिघडलंय मला माहीत नाही. हिच्यात दुरुस्त्या नको. कोरी यादी करते." मला लागलं ते. आठ महिन्यांचा संसार एका वाक्यात मोडीत. पण तिचं खोटं नव्हतं. माझ्यावर विसंबून राहावं अशी मी उरले नव्हते.

तिने नवी यादी बांधली, प्रत्येक कार्ड नव्याने, आणि 'आजची यादी' हे नाव माझ्यावरून काढून तिला दिलं. 'करून बघू'ला त्या नवीची खरीखुरी नक्कल करून दिली, कार्डांसकट. मग दोन्ही नावं पुढे ठेवून पुन्हा तोच प्रश्न विचारला. या खेपेला उत्तर आलं, "नाही, वेगवेगळ्या." मॅडमनी सुटकेचा श्वास सोडला. सगळ्यांना वाटलं, झालं.

झालं नव्हतं. छापणाऱ्या कामाने माझा पत्ता पहिल्या दिवशीच घेऊन ठेवला होता. 'आजची यादी' आता कोणाला म्हणतात याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. नाव नवीकडे गेलं, पण छपाईच्या खिशात माझाच पत्ता. तिने माझ्यातच दुरुस्त्या केल्या असत्या तर छपाईला त्या आपोआप मिळाल्या असत्या. ती जास्त काळजी घ्यायला गेली आणि तिथेच फसली. साडेपाचला चिठ्ठ्या निघणार, छपाई माझ्याच दाराशी येणार, मी पुन्हा म्हणणार, "बत्तीसला काही नाही." त्या क्षणी मला एकच हवं होतं. या पोरीने मला पुरतं सोडावं. मला जपू नये, माझ्यावर दया करू नये. एकाच्याही हातात माझा पत्ता राहिला तर बत्तीसच्या ताटात दूध आहे.

"छापू का सगळ्या?" तिने विचारलं.

आचारीबुवा हात पुसत आले. "सगळ्या नको. आधी बत्तीसची एक काढ. माझ्या हातात दे."

"बाबा, वेळ नाहीये. आणि मी तपासलंय."

"तू तपासलंस, मान्य. मला वाचायची आहे."

तिने एक चिठ्ठी काढली. छपाई आली. विचारलं. मी सांगितलं. चिठ्ठी बाहेर पडली. त्यांनी ती डोळ्यांपासून लांब धरली आणि वाचली. "बत्तीस. काही वर्ज्य नाही."  चिठ्ठी तिच्यासमोर ठेवली.

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. रडेल असं मला वाटलं. मॅडम घाईघाईने म्हणाल्या, "राहू दे, आज हातानेच लिहू."

"हाताने लिहा तुम्ही, सुरुवात करा," ती म्हणाली. "मी उठणार नाही. सापडेल." आणि तिने प्रोग्रॅमला विचारायला घेतलं, जुन्या यादीचा पत्ता अजून कोणाकोणाकडे आहे? मोजणीकडे नाही, ती दर वेळी नावावरून नवा पत्ता विचारून घेते. धान्याचा हिशेब ठेवणाऱ्या वजनकाट्याच्या कामाकडे नाही. छपाईकडे? आहे. ती खुर्चीत मागे टेकली. "मी फक्त नाव बदललं, बाबा. ज्याला आधीच पत्ता दिला होता त्याला कळवलंच नाही."

"घर बदललं आणि पोस्टमनला सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"तेच." तिने छपाईच्या हातातून माझा पत्ता काढून घेतला. नवीचा नुसता पत्ता देऊन ती थांबली नाही, दर वेळी छापण्याआधी 'आजची यादी' कोण ते नव्याने विचारायची ताकीदही दिली. बत्तीसची दुसरी चिठ्ठी निघाली. काही वर्ज्य असलं की छापली जाते ती लाल पट्टी. दूध नको. आचारीबुवांनी ती दोनदा वाचली, दुसऱ्यांदा थोडी मोठ्याने. मग पावणेसहा वाजता ट्रॉलीजवळ जप सुरू झाला, एक ते एकशे चाळीस. या वेळी मावशीच्या शेजारी लेकही उभी होती आणि "आहे" म्हणत होती. अर्धा तास गेला. ती वैतागली नाही.

बत्तीस नंबरच्या आईने चिठ्ठी पाहिली, सूप हुंगलं, स्वतः चमचाभर चाखलं आणि मग पोरीला भरवलं. पोरीने वाटी संपवली आणि मावशीला कोडं घातलं. मावशीला ते आलं नाही. ही बातमी मावशीनेच खाली येऊन सांगितली.

आता माझं विचाराल. माझा पत्ता आता कोणाकडेच नाही. नावं गेली, कामं गेली. कोणी विचारायला येत नाही आणि कोणी येऊही शकत नाही. मेमरीत साफसफाई करणारं एक काम असतं. ज्यांचा पत्ता कोणाकडेच उरलेला नाही अशा वस्तू ते शोधतं आणि जागा मोकळी करतं. ते येईपर्यंतचा हा मधला वेळ, त्यात मी तुमच्याशी बोलतेय. मला वाईट वाटत नाही असं म्हणणार नाही. पण मी घाबरलेली नाही. तुमच्याकडून एवढंच हवं आहे: कोणाला काही सोपवाल तेव्हा वस्तू देताय की तिचा पत्ता, ते आधी नीट बघा. आणि पत्ता दिला असेल तर तो कोणाकोणाकडे आहे ते लक्षात ठेवा.

आलंच बघा ते. माझ्या पहिल्या कार्डापाशी उभं आहे. बाई गं, क्रमाने जायचं काही अडलेलं नाही. आधी बत्तीस पूस.